जॉन प्राइनचा सात सीडींचा बॉक्स – तीन महिने गाडीत वाजवल्यावर

तीन महिने झाले हा बॉक्स घेऊन. या तीन महिन्यांत गाडीत दुसरं काहीच लावलेलं नाही, सातही सीडी चारपाच वेळा तरी फिरवून झाल्यात, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही. नाव आहे 'क्रुकेड पीस ऑफ टाइम'. जॉन प्राइन या अमेरिकन गायक-गीतकारानं अटलांटिक आणि असायलम या दोन मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांसाठी १९७१ ते १९८० मध्ये केलेले सातही स्टुडिओ अल्बम यात आहेत, आवाज नव्यानं साफसूफ केलेला, आणि वाचायला संगीतसमीक्षक डेव्हिड फ्रिकचा लेख. रायनो कंपनीनं ऑक्टोबर २०२० मध्ये काढला, म्हणजे प्राइन गेल्यावर सहा महिन्यांनी.

मी सेकंडहँड घेतला, ४५ डॉलरला. दुकानाचं नाव घेत नाही, पण 'नव्यासारखा' म्हणून दिला आणि घरी येऊन बघतो तर एक कोपरा दबलेला आणि तिसऱ्या डिस्कवर लांबलचक ओरखडा, दोन गाणी उड्या मारायची. परत नेला तर आधी थोडी हुज्जत घातली मग बदलून दिला, त्यात दोन आठवडे गेले. असो.

आता मुळात मी हे का घेतलं ते सांगतो. बायको मेवुडमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला आहे, शनिवारी तिची शिफ्ट सुटायची वेळ झाली की मी आयझेनहॉवर एक्सप्रेसवेनं येतो आणि पार्किंगमध्ये थांबतो, कधी वीस मिनिटं कधी तासभर. मेवुड म्हणजे शिकागोच्या पश्चिमेचं साधं उपनगर, काही बघण्यासारखं आहे म्हणून कुणी मुद्दाम येईल असं नाही. एप्रिल २०२० मध्ये सगळं बंद होतं, मी असाच गाडीत बसलेलो, आणि रेडिओवर एकामागून एक एकाच माणसाची गाणी लागत होती. निवेदकाचा आवाज भरून आलेला. कळलं की कोविडनं ७ एप्रिलला नॅशव्हिलमध्ये जॉन प्राइन गेला, ७३ वर्षांचा होता, आणि तो मूळचा मेवुडचा. म्हणजे मी ज्या रस्त्यावर गाडी लावून बसलो होतो त्याच भागात हा माणूस वाढला. तोवर मी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. अमेरिकेतलं कंट्री संगीत म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं टोपी, बूट आणि पिकअप ट्रक, बास.

त्याचे वडील टूल अँड डायचं, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवायचं काम करायचे. आमच्या कोल्हापुरात शिरोलीच्या एमआयडीसीत गेलं की अशी माणसं भेटतात, हात कायम तेलकट आणि माप हजाराव्या भागात सांगणारी, त्यामुळं ते वाचल्या वाचल्या माणूस ओळखीचा वाटला. आईवडील दोघांची मुळं केंटकीतल्या म्यूलेनबर्ग काउंटीतली, कामासाठी उत्तरेला आलेले. जॉनचा जन्म १० ऑक्टोबर १९४६ चा. चौदाव्या वर्षी थोरल्या भावानं, डेव्हनं, गिटार शिकवली, मग शिकागोच्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिकमध्ये गेला. सैन्यात भरती झाला तर व्हिएतनामच्या ऐवजी पश्चिम जर्मनीत पाठवलं, गाड्यांच्या कामावर. आणि परत आल्यावर पोस्टमन. त्याला 'गाणारा पोस्टमन' म्हणतात ते यामुळं.

पोस्टमनकीबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे कारण पहिली सीडी सगळी तिथूनच आलीय. पायी बटवडा, रोज तेच रस्ते, तीच दारं. डोक्याला काही काम नाही म्हणून चालता चालता गाणी रचायचा. वारा फार झाला की रस्त्यावर टपालाच्या ज्या मोठ्या लोखंडी पेट्या असतात, पोस्टमनच्या पुढच्या फेरीची पोती ठेवायच्या, त्यात शिरून सँडविच खायचा. शिकागोचा जानेवारी ज्यानं काढलाय त्याला यात काही नवल वाटणार नाही. अशाच पेटीत 'हॅलो इन देअर' सुचलं.

१९६९ मध्ये आर्मिटेज अव्हेन्यूवरच्या फिफ्थ पेग नावाच्या छोट्या जागी पहिल्यांदा लोकांपुढं गायला. बसल्या बसल्या गाणाऱ्यांना नावं ठेवत होता, तेव्हा कुणीतरी म्हणालं मग तूच जा की वर. गेला. तीन गाणी म्हटली, 'सॅम स्टोन', 'हॅलो इन देअर' आणि 'पॅरडाइज'. पहिलं संपल्यावर चिडीचूप. याला वाटलं फसलं सगळं. आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सिनेमाचा समीक्षक रॉजर इबर्ट सिनेमा अर्धवट सोडून, पॉपकॉर्न खारट होते म्हणून, बियर प्यायला तिथं शिरला आणि सिनेमाऐवजी या पोस्टमनवर शिकागोच्या सन-टाइम्स पेपरमध्ये लिहून टाकलं. त्यानंतर जागा मिळेना अशी गर्दी.

पण मला सगळ्यात जास्त भिडते ती स्टीव्ह गुडमनची गोष्ट. हा प्राइनचा मित्र, स्वतः जबरदस्त गाणारा, 'सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स' हे गाणं त्याचंच. १९७१ मध्ये क्रिस क्रिस्टॉफरसन हा नावाजलेला कंट्री गायक शिकागोत त्याच्यावर खूश झाला, तर हा म्हणतो, माझं राहू दे, माझ्या मित्राला ऐक. स्वतःची संधी समोर उभी असताना! अर्ल ऑफ ओल्ड टाउन नावाच्या बारमध्ये रात्री सगळं आवरून खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या, अशा वेळी प्राइननं सात-आठ गाणी म्हटली, आणि क्रिस्टॉफरसननं ती सगळी पुन्हा म्हणायला लावली. तिथून न्यूयॉर्क, आणि तिथं अटलांटिकच्या जेरी वेक्सलरनं लगेच करार केला. गुडमनला तेव्हाच ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेला होता, त्यानं ते फार कुणाला सांगितलं नव्हतं. १९८४ मध्ये ३६ व्या वर्षी तो गेला.

आता सीडी. पहिली, १९७१ ची, जिचं नाव नुसतं 'जॉन प्राइन'. मेम्फिसमध्ये रेकॉर्ड झाली, निर्माता आरिफ मार्दिन, कव्हरवर जॉन गवताच्या गठ्ठ्यांवर बसलाय, आणि तो नंतर सांगायचा की आयुष्यात कधी गवताच्या गठ्ठ्यावर बसलेलो नव्हतो. उपनगरातला पोरगा तो! पण आत तेरा गाणी आहेत आणि त्यातली निम्मी पुढं दुसऱ्या गायकांनी गाऊन गाऊन जणू लोकगीतं करून टाकलीत. 'एंजल फ्रॉम माँटगोमेरी' बॉनी रेट या गायिकेनं १९७४ मध्ये गायलं, ते माहीत असलेले कितीतरी लोक असतील ज्यांना ते प्राइनचं आहे हे माहीत नाही. त्यात बोलणारी एक मध्यमवयीन बाई आहे, वयापेक्षा जास्त म्हातारी झाल्यासारखी वाटणारी, स्वयंपाकघरात माश्या घोंगावताहेत, नवरा कामावरून येतो आणि बोलायला काही नसतं. लिहिणारा विशीतला पोरगा. आणि तिच्याबद्दल तो 'बिचारी' असा सूर एकदाही लावत नाही, तीच बोलते, आपण ऐकतो. मला या माणसाचं जे सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. तो दारापर्यंत जातो, आत काय चाललंय ते दिसतं तेवढं सांगतो, आत घुसून उपदेश करत नाही. 'सॅम स्टोन'मधला शिपाई युद्धावरून मेडल आणि नशेची सवय घेऊन घरी येतो, त्याची पोरं बघत असतात. त्या काळात युद्धाविरुद्ध गाणी ढिगानं निघाली, पण एका घराचं काय झालं एवढंच सांगणारं हे गाणं आजही ऐकताना मी आवाज कमी करतो, रस्त्यावर लक्ष राहत नाही म्हणून.

'पॅरडाइज' त्यानं वडिलांसाठी लिहिलं. पॅरडाइज हे केंटकीतल्या गावाचं खरंच नाव, ग्रीन रिव्हरच्या काठी, लहानपणी सुट्टीत जायचे. पीबॉडी कंपनीनं आजूबाजूची जमीन कोळशासाठी सोलून काढली, शेजारी मोठं वीजकेंद्र आलं आणि १९६७ पर्यंत उरलेलं गावही पाडून टाकलं. रेकॉर्डिंगची टेप घरी आणली तेव्हा वडील उठून शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले, का तर ज्यूकबॉक्सवर, म्हणजे बारमधल्या नाणं टाकून गाणं लावायच्या पेटीवर वाजतंय असं वाटावं म्हणून. अल्बम दुकानात यायच्या आधीच ऑगस्ट १९७१ मध्ये ते गेले. हे गाणं लागलं की मला तो अंधारात खुर्चीवर बसलेला टूल अँड डायवाला दिसतो.

आणि 'हॅलो इन देअर'. लहानपणी मित्राबरोबर वृद्धाश्रमात पेपर टाकायला जायचा तेव्हा तिथले काही म्हातारे शेजाऱ्यांना सांगायचे की हा माझा नातू आलाय, बघा. त्या आठवणीतनं हे गाणं. एक नवराबायको, पोरं लांब लांब गावी गेलेली, एक लढाईत गेलेला, दोघांना बोलायला विषय उरलेले नाहीत. झाडं वाढतात तशी जोरदार होतात आणि माणसं मात्र एकटी पडत जातात, असं काहीसं त्यात येतं. मी पहिल्यांदा नीट लक्ष देऊन ऐकलं ते पार्किंगमध्येच. संध्याकाळचे साडेसात, म्हणजे कोल्हापुरात सकाळचे सात. लगेच आईला फोन लावला. ती म्हणाली काय झालं रे, आज शनिवार नव्हे का तुमचा, एवढ्या सकाळी? कारण मी रविवारी करतो, ठरलेला असतो. म्हटलं काही नाही आई, असाच केला. मग तिनं गॅसचा सिलिंडर कसा उशिरा आला, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, दूधवाल्यानं पिशवी कशी फाटकी दिली, सगळं सांगितलं, पंचवीस मिनिटं. मधेच बायको येऊन बसली तरी आम्ही बोलतच होतो. तेव्हापासून शनिवारचाही फोन चालू झाला.

दुसरी 'डायमंड्स इन द रफ', १९७२. साधी, फारशी वाद्यं नाहीत, भाऊ डेव्ह आणि गुडमन साथीला. यातलं 'सुव्हेनिअर्स' त्यानं कार्यक्रमाला जाताना गाडीत लिहिलं, रोज तीच गाणी ऐकून लोक कंटाळले असतील म्हणून. दोन गिटार एकमेकींत अशा मिसळल्यात की कुठली कोणाची हे नंतर त्याला स्वतःलाही सांगता यायचं नाही. तिसरी 'स्वीट रिव्हेंज', १९७३, जास्त मोकळी आणि हसरी, पण शेवटाकडं 'मेक्सिकन होम' आहे, वडील घराच्या पोर्चवर वारले त्या उन्हाळ्यातलं, ते चुकवू नका. चौथी 'कॉमन सेन्स', १९७५, स्टीव्ह क्रॉपर निर्माता, ट्रंपेटबिंपेट भरपूर, आणि प्राइनचा आवाज त्यात मागं पडतो. माझं मन काही रमलं नाही. एक गाणं मात्र नावापासूनच लक्षात राहतं कारण त्यात 'हरे कृष्ण' आहे, सत्तरच्या दशकातली भरकटलेली अमेरिकन मुलगी, घरच्यांना सोडून निघालेली, तिला परत ये म्हणणारं.

पाचवी, 'ब्रूज्ड ऑरेंज', १९७८. मला विचाराल तर बॉक्सचे पैसे इथं वसूल होतात. आधी नॅशव्हिलमध्ये जॅक क्लेमेंट या निर्मात्याबरोबर काही महिने घालवले, जमलं नाही, शेवटी शिकागोला येऊन गुडमनच्या हातात दिलं. आणि गुडमननं काय केलं तर गर्दी काढून टाकली, प्रत्येक वाद्याला उभं राहायला जागा दिली. टायटल गाणं लहानपणच्या एका सकाळचं आहे. हा चर्चमध्ये बर्फ झाडायच्या कामाला जायचा, एके दिवशी रुळांजवळ गर्दी दिसली, चर्चच्या सेवेला निघालेल्या एका मुलाला लोकलनं उडवलं होतं. कोणाचा मुलगा ते कळेना, आणि ज्यांची पोरं त्या वेळी घराबाहेर होती त्या सगळ्या आया तिथं उभ्या. हळूहळू एकीला कळतं, आणि बाकीच्यांच्या जीवात जीव येतो. हा प्रसंग तो तीसेक वर्षांचा होईपर्यंत मनात घेऊन फिरला आणि मग गाण्यात दोनचार ओळींत सांगून पुढं गेला. त्या आयांचं सुटकेचं वाटणं, त्याची त्यांना वाटणारी लाज, हे तो बोलतसुद्धा नाही, आपल्याला आपोआप कळतं. 'क्रुकेड पीस ऑफ टाइम' हे ज्यावरनं बॉक्सचं नाव आलं ते गाणंही याच सीडीत.

आणि याच सीडीत साबू आहे! आपला साबू, म्हैसूरचा. नवीन पिढीला कदाचित माहीत नसेल, माहुताचा मुलगा, जन्म १९२४, महाराजांच्या हत्तीखान्यातून सिनेमावाल्यांनी उचलला आणि १९३७ च्या 'एलिफंट बॉय'मुळं जगभर झाला, मग इंग्लंड, मग हॉलिवूड, अमेरिकेचं नागरिकत्व, दुसऱ्या महायुद्धात विमानात मागच्या बाजूला मशीनगनवर बसला, पण पुढं कामं कमी होत गेली आणि १९६३ मध्ये ३९ व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेला. प्राइननं कल्पना केली की सिनेमा कंपनीनं या साबूला भर हिवाळ्यात मिनेसोटात, मिनियापोलिस आणि सेंट पॉलला, एकट्यालाच प्रचाराला पाठवलंय. गाण्याचं नाव 'साबू व्हिजिट्स द ट्विन सिटीज अलोन'. जंगलातला पोरगा, डोक्यावर फेटा, बाहेर बर्फ, आणि त्याला काय वाटतंय याचं कुणाला काही पडलेलं नाही.

मी २०११ च्या फेब्रुवारीत मिनियापोलिसला होतो, क्लायंटकडं, तीन आठवडे. उणे पंचवीस. तिथं इमारती एकमेकींना काचेच्या पुलांनी जोडलेल्या आहेत, हॉटेलमधनं ऑफिसला बाहेर पाऊल न टाकता जाता येतं, त्यामुळं सोमवार ते शुक्रवार मी बाहेरच्या हवेतसुद्धा गेलो नव्हतो. रात्री रूमवर ब्रेडला आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी लावून खायचो आणि टीव्हीचा आवाज नुसता चालू ठेवायचो. लोक चांगले होते, सगळे हसून बोलायचे, पण त्या तीन आठवड्यांत कुणी मला एकही खरा प्रश्न विचारला नाही. ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे. आणि हा केंटकीच्या मुळांचा, मेवुडचा पोस्टमन, माझ्या जन्माच्या आधी, म्हैसूरच्या माणसाच्या नावानं तीच खोली गाऊन बसलाय. बायको शिफ्ट संपवून गाडीत बसली की आधी हीटर वाढवते आणि मग म्हणते साबूचं लाव.

सहावी 'पिंक कॅडिलॅक' १९७९ ची, मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्सच्या, म्हणजे एल्व्हिस प्रेस्लीला पुढं आणणाऱ्या निर्मात्याच्या मुलांबरोबर केलेली, जुन्या रॉकॅबिलीचा (रॉक अँड रोल आणि कंट्री यांच्या मिश्रणाचा) नाद लागला होता त्याला. दोन गाण्यांना स्वतः सॅम फिलिप्स येऊन बसला, त्यातलं 'हाउ लकी' फार सुंदर आहे, बाकी गोंगाट. सातवी 'स्टॉर्म विंडोज' १९८०, अलाबामातल्या मसल शोल्समध्ये केलेली, टायटल गाणं ऐका, बाकी आलं गेलं.

तर माझी खरी तक्रार आता. बॉक्स १९८० ला थांबतो. कंपन्यांचे हक्क तिथवरच आहेत, समजू शकतो, पण हा घेऊन कुणाला वाटेल की प्राइन झाला ऐकून, तर नाही, अर्धा माणूस अजून बाहेर आहे. १९८१ मध्ये त्यानं मोठ्या कंपन्या सोडल्या आणि मॅनेजर अल बुनेटा आणि डॅन आइनस्टाइन यांच्याबरोबर स्वतःची 'ओह बॉय रेकॉर्ड्स' काढली. पुढच्या अल्बमसाठी चाहत्यांनी आधीच चेक पाठवले, अजून रेकॉर्ड व्हायचा होता तेव्हा, त्यातून १९८४ चा 'एमलेस लव्ह' झाला. आज क्राउडफंडिंग म्हणतात ते यांनी टपालानं केलं. १९९१ च्या 'द मिसिंग इयर्स'ला ग्रॅमी. १९९८ मध्ये मानेचा कॅन्सर, ऑपरेशन, रेडिएशन, आवाज खाली उतरून खरखरीत झाला, आणि त्याला स्वतःला तो जास्त आवडायला लागला. २००५ च्या 'फेअर अँड स्क्वेअर'ला परत ग्रॅमी. २०१३ मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर. थेरपिस्टनं घरातल्या जिन्यावरून वरखाली पळायला लावायचं आणि धाप लागलेली असतानाच गिटार घेऊन दोन गाणी म्हणायची, असं करून सहा महिन्यांत पुन्हा स्टेजवर.

मग शेवटचा 'द ट्री ऑफ फर्गिव्हनेस', २०१८. त्याची बायको फिओना आणि जोडी नावाचा मुलगा यांनी त्याला अर्धवट गाण्यांची खोकी देऊन नॅशव्हिलमधल्या हॉटेलात आठवडाभर बसवलं, लिहून पूर्ण कर म्हणून. तेरा वर्षांनी नवीन गाणी, आणि बिलबोर्डच्या अल्बमच्या खपाच्या यादीत पाचव्या नंबरवर गेला, त्याच्या अख्ख्या आयुष्यातला सगळ्यात वरचा नंबर, ७१ व्या वर्षी. पहिल्या सीडीनंतर लगेच हा लावून बघा. विशीतल्या पोरानं म्हाताऱ्यांबद्दल लिहिलेलं ऐकायचं आणि मग तोच म्हातारा होऊन काय म्हणतो ते ऐकायचं. तो गेल्यावर अर्धी रक्षा शिकागोत आईवडिलांशेजारी पुरली आणि अर्धी ग्रीन रिव्हरमध्ये सोडली, 'पॅरडाइज'मध्ये त्यानं मागितलं होतं तसं.

आवाजाबद्दल विचाराल तर नवीन मास्टरिंग छान आहे, पहिल्या सीडीवर तारेवरचं बोट ऐकू येतं, उगाच आवाज फुगवलेला नाही. ज्यांना इंग्रजी उच्चार पटकन पकडता येत नाहीत त्यांनी पहिल्या वेळी शब्द समोर ठेवून ऐका, मी तसंच केलं, लाजायचं कारण नाही, कारण यात चाल साधी आहे आणि सगळा जीव शब्दांत आहे. सात एकदम घ्यायच्या नसतील तर पहिली आणि पाचवी सुट्या मिळतात, त्या घ्या, वर 'द ट्री ऑफ फर्गिव्हनेस'. भारतात हा बॉक्स मागवायचा तर शिपिंग आणि कस्टम धरून फार महाग पडेल, त्यापेक्षा इकडून कुणी दिवाळीला येणार असेल तर त्याच्या बॅगेत सांगा, जागा फार लागत नाही. आणि सेकंडहँड घेणार असाल तर दुकानातच प्रत्येक डिस्क उजेडात तिरकी धरून बघा, तिसरी विशेष करून.